बाकडं कुणी केलं?

आमच्या माणदेशात घरी आलेल्या माणसाला पहिला शब्द मिळतो तो ‘बसा’. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. पण कुठं बसा, हे पूर्वी सांगावं लागत नसे. ज्याला त्याला आपापली जागा ठाऊक असायची. सोयरा आला तर सोप्यात घोंगडं अंथरलं जायचं. भावकीतला माणूस जोत्यावर टेकायचा. कामाला आलेला उंबऱ्याच्या बाहेर, आणि काहींना तर अंगणाच्याही कडेला. बाकडं असं गावात तीनच ठिकाणी होतं : शाळेत, ग्रामपंचायतीत आणि एस.टी.च्या थांब्यावरच्या हॉटेलात. घरात बाकडं नसायचंच. बसायचं सगळ्यांनी जमिनीवर; पण त्या एका जमिनीलाही चांगल्या पाच-सहा पायऱ्या होत्या.

हे आठवायला कारण झालं आईचे गुडघे. ती आता ८४ वर्षांची आहे. खाली बसली की उठवायला दोघं लागतात. प्लास्टिकच्या खुर्चीचा तिला भरवसा नाही, कलंडते म्हणते. शिवाय खुर्चीत माणूस एकटाच बसतो. तिला अंगणातल्या लिंबाखाली असं काहीतरी हवं होतं, की रस्त्यानं जाणाऱ्या बाईला हाक मारावी आणि तिनं येऊन शेजारी टेकावं. ‘दोघींपुरतं बाकडं कर की रं,’ एवढंच तिचं मागणं. मागणं साधं होतं. करायचं कुणी, हा प्रश्न होता.

गावात आता सुतार नाही. माझ्या लहानपणी सुतारांची तीन घरं होती. त्यातलं एक आमच्या वाट्याचं, म्हणजे आमच्या औतकाठीचं सगळं काम त्यांच्याकडं. आम्ही पोरं त्यांना सुतारनाना म्हणायचो. त्यांच्या दारात बाभळीचे ओंडके पडलेले असायचे. तोडलं की लगेच लाकूड वापरायचं नाही, सावलीत वाळवायचं, नाहीतर केलेली वस्तू उकलते, हे मी तिथं बसून शिकलो. नांगर, कुळव, पाभर, जू, गाडीची चाकं, घरातला पाट, देव्हारा, बाळाचा पाळणा, सगळं त्या एका दारातनं यायचं. हत्यारं मोजकी : वाकस, करवत, पटाशी, रंधा, गुण्या. खिळा शक्यतो नाहीच. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्यात बरोबर त्याच मापाचं भोक पाडायचं, दोन्ही एकमेकांत बसवायचं आणि वरनं लाकडाचीच खुंटी ठोकायची. माप म्हणजे डोळा आणि बोट. ‘सूतभर घे’ म्हणजे किती, ते त्यांच्या हाताला कळायचं.

याचा मोबदला म्हणजे बलुतं. सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली की नाना पोतं घेऊन यायचे. औतामागं ठरलेल्या पायल्या, वर थोड्या पेंढ्या, सणाला वाढणं. वर्षात किती वेळा कुळव दुरुस्त केला, किती वेळा जू मोडलं, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. त्यात ही सगळी व्यवस्था, तिच्या सोयी आणि तिच्यातल्या कुरबुरींसकट, मांडलेली आहे. मी ते नोकरीत असताना वाचलं आणि वाटलं, हे तर आमचंच खळं.

लोक हल्ली त्या दिवसांबद्दल फार गोड बोलतात. पैसा नव्हता पण माया होती, म्हणतात. माया होती, हे खरं. पण माझ्या वडलांपेक्षा नाना वयानं मोठे होते आणि तरी वडील त्यांना अरे-तुरे करत, हेही खरं. ऐन पेरणीत पाभर मोडली तर नानांनी जेवणाच्या ताटावरून उठून यायचं असे. ‘उद्या येतो’ म्हणायची सोय नव्हती. रास चांगली झाली तरी त्यांना माप तेच. दुष्काळ पडला तर मात्र माप आधी त्यांचंच घटायचं. गावातल्या सगळ्या पाटांवर लोक बसले, पाळण्यांत पोरं झुलली. नाना आमच्याकडं आले की जोत्याच्या कडेला, अर्धं अंग बाहेर ठेवून बसत. त्यांनी केलेल्या पाटावर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत.

मग हे सगळं हळूहळू सुटत गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तो १९०३ साली. आमच्या गावी यायला त्याला बराच काळ लागला, पण आला. लाकडी चाकं जाऊन रबरी टायरची गाडी आली. मग ट्रॅक्टर आला आणि बैलच गेले. सुताराच्या दारात जायचं कारण उरलं नाही. नाना गेले, त्यांचा मुलगा साखर कारखान्यात लागला, नातू पुण्याला गेला. घराला कुलूप आहे.

तेव्हा बाकड्याचा प्रश्न पुण्याच्या पुतणीनं सोडवला. फोनवर म्हणाली, ‘काका, साडेसात हजारात येतंय. लाकडी आहे, बाहेर ठेवायचंच आहे. फक्त जोडायचं तेवढं आपण.’ आठ दिवसांनी तालुक्याहून एक पोरगा मोटारसायकलच्या मागं चपटं खोकं बांधून घेऊन आला. त्यात अख्खं बाकडं आहे, यावर आईचा विश्वास बसेना.

खोकं फोडलं. आत दोन बाजू, बसायच्या सहा पट्ट्या, पाठीचा एक जोडलेला तुकडा, दोन हात, खालचा आडवा दांडा. एका पिशवीत सोळा बोल्ट, तितकेच वायसर, लाकडाच्या आठ खुंट्या आणि एल आकाराची एक छोटी चावी. बरोबर एक कागद. त्यावर शब्द एकही नाही, नुसती चित्रं. भोकं सगळी आधीच पाडलेली. लाकूड कसलं म्हणून खोक्यावर पाहिलं तर ‘अकेशिया’. अकेशिया म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोतातलं झाड. शेजारच्या आबांना हे सांगितल्यावर ते बांधावरच्या बाभळीकडं बघत म्हणाले, ‘सात हजार दिऊन बाभूळ घेतली व्हय गुरुजी? मला म्हणायचं, मी फुकट दिली असती.’

काम दोन तासांत झालं. चित्र बघायचं, तो तुकडा उचलायचा, खुंटी बसवायची, बोल्ट घालायचा, चावी फिरवायची. मला त्यात आनंद झाला, हे सांगायला हवं. निवृत्तीनंतर आपल्या हातानं काही उभं राहिलं, याचं सुख वेगळंच असतं. फोटो पाठवला. पुतणीचं उत्तर आलं : ‘वा काका! तुम्ही केलंत?’

त्या ‘केलंत’ला मी अडखळलो. हो म्हणावं की नाही?

हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. ऑस्ट्रियात थोनेट नावाच्या कारखानदारानं १८५९ साली चौदा नंबरची म्हणून ओळखली जाणारी खुर्ची काढली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या तर एक मीटर लांब, रुंद, उंच अशा खोक्यात ३६ खुर्च्या मावत. पोचल्या की तिथं जोडायच्या. म्हणजे सुटं पाठवायचं आणि जोडून वापरायचं, ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी. नवीन आहे ती एवढीच गोष्ट की जोडायचं काम आता गिऱ्हाइकावर आलं, आणि गिऱ्हाइकाला ते आवडलं. का आवडलं, तेही लोकांनी तपासून पाहिलंय. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास छापला. लोकांना साधी खोकी जोडायला दिली, कागदाच्या घड्या घालून पक्षी करायला दिले. स्वतः केलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत द्यायला तयार होतो, असं दिसलं. ओबडधोबड कागदी पक्षीही ज्यानं केला त्याला जवळपास कसबी माणसानं केल्याइतका मोलाचा वाटला. मात्र काम अर्धवट राहिलं, किंवा जोडलेलं पुन्हा मोडलं, की ते मोल नाहीसं व्हायचं.

म्हणजे चावी फिरवताना मला जे वाटलं ते माझ्या एकट्याचं नव्हतं. माणसाच्या मनाची घडणच तशी आहे. पण मन एखादी गोष्ट आपली मानतं, एवढ्यानं ती आपण केली असं ठरतं का? माझ्या चावीआधी कुणीतरी ते झाड तोडलं. कुणी फळ्या कापल्या, वाळवल्या, रंधल्या. भोकं यंत्रानं पाडली असतील, पण यंत्राशीही कुणीतरी उभं होतं. एक पोरगा ते खोकं उन्हातनं घेऊन आला. शंभरातलं नव्व्याण्णव काम झाल्यावर शेवटचं एक मला दिलं गेलं, आणि त्या एकावर ‘केलं’ हा शब्दही मला मिळाला. नानांच्या हातनं शंभरातलं शंभर व्हायचं आणि शब्द मिळायचा आमच्या वडलांना. ‘यंदा नवी गाडी केली,’ असं ते चावडीवर सांगत. गाडी केली होती नानांनी. वडलांनी ज्वारी मापली होती.

मराठीत या कामाला किती शब्द आहेत! लाकूड घडवतात, पाभर भरतात, चाकावर धाव चढवतात, खिळा ठोकतात, सांधा बसवतात. प्रत्येक शब्दाला हाताचं एक वेगळं काम आहे. त्यातला माझ्या वाट्याचा शब्द ‘जोडलं’. मी पुतणीला तेच लिहिलं : ‘जोडलं.’ तिला त्यात काही फरक वाटला नसेल.

पण जोडलेलं बाकडं डुगडुगत होतं. कागदावरचं सगळं झालं होतं, बोल्ट आवळलेले होते, तरी एक पाय सूतभर अधांतरी. तीन दिवस मी पायाखाली फरशीची कपची घालून पाहिली. चौथ्या दिवशी गावची जत्रा होती, आणि नानांचा नातू जत्रेला आला होता. रस्त्यानं जाताना आईनं त्याला ओळखलं आणि हाक मारली. तो आत आला, बाकडं पाहिलं आणि हसला.

‘गुरुजी, आमी हेच करतो की पुण्यात. कपाटं, पलंग, टेबलं. दिवसाला तीन-चार जागी जायचं, जोडायचं, फुडं निघायचं.’

नानांचा नातू सुटं फर्निचर जोडून पोट भरतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, ‘लोक काय म्हणतात?’

‘काय म्हणणार? फोनवर चांदण्या देत्यात. पाच दिल्या तर बरं, तीन दिल्या तर वरनं विचारणा होती. सुतार कुणी म्हणत न्हाई. असेंब्लीवाला आलाय, म्हणत्यात.’

मग त्यानं चावी मागितली. सगळे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. बाकडं उचलून जोत्याजवळच्या सपाट शहाबादीवर ठेवलं. आईला एका टोकाला बसवलं, मला दुसऱ्या. ‘आता हलू नका’ म्हणाला आणि आम्ही बसलेलो असतानाच खाली वाकून एकेक बोल्ट थोडा थोडा, आलटून-पालटून आवळत गेला. आधी वजन, मग आवळणं. म्हणजे लाकूड आपली बैठक आपणच धरतं. हे कागदावर नव्हतं. उठून पाहिलं तर चारी पाय जमिनीवर.

‘मातीत ठिवू नका, वाळवी लागंल. पायाखाली दगड घाला. आन् पट्ट्यांची कापल्याली तोंडं हायत न्हवं, तिथनंच लाकूड पाणी पितं. तिथं आळशीचं तेल जिरवा, पुसून घ्या, पुन्यांदा लावा.’

हे कुठं शिकलास, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

आता प्रश्न उभा राहिला पैशाचा. द्यावेत, तर गावच्या पोरानं हाकेला ओ दिली आणि आपण मजुरी मोजली, असं होईल. न द्यावेत, तर तीन पिढ्यांपूर्वीचंच पुन्हा होईल : सुतारानं यायचं, करून जायचं, हिशेब नाही. मी विचारलं, ‘पुण्यात याचं काय घेतोस?’

‘पाचशे.’

मी पाचशे पुढं केले. वाटलं, नको म्हणेल. तो म्हणाला नाही. घेतले, घडी घालून खिशात ठेवले. मग म्हणाला, ‘आमचा आजा नको म्हणायचा. म्हणून मी घेतो.’

आवाजात राग नव्हता. जत्रा कुठल्या वारी आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

एवढ्यात आई आतनं सुपात ज्वारी घेऊन आली. तिच्या अंगात ती सवय ऐंशी वर्षांची आहे; सुताराचा माणूस दारातनं रिकामा जाऊ नये. त्यानं सुपाकडं पाहिलं, वाकून आईच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘आज्जी, हिच्या भाकरी कर, बसून खातो. पदरात नको घालूस.’

आई क्षणभर तशीच उभी राहिली. मग काही न बोलता आत गेली. त्या दुपारी तो आणि मी स्वयंपाकघरात मांडीला मांडी लावून जेवलो. त्याच्या आजोबांचं ताट आमच्याकडं कायम सोप्यातच वाढलं जायचं.

त्या दिवसापासून मी पाचशे रुपये, भाकरी आणि सुपातली ज्वारी या तिन्हींचा विचार करतो आहे. तिन्ही देणीच, पण प्रत्येक देणं समोरच्याला काहीतरी वेगळं सांगतं. मजुरी सांगते : तुझ्या कामाचं हे मोल, ते चुकतं केलं, आता तूही मोकळा आणि मीही. भाकरी सांगते : तू माणूस म्हणून माझ्या घरी आलास. आणि सुपातली ज्वारी, आईच्या मनात तसं काही नसतानाही, सांगते : तू कोण ते मला ठाऊक आहे आणि तुझी जागा मी ठरवलेली आहे. त्या पोरानं पहिल्या दोन गोष्टी घेतल्या आणि तिसरी परत केली. यातला भेद कुठल्या पुस्तकाशिवाय, उभ्या उभ्या, त्यानं जाणला.

मग बाकडं खोक्यात येतं तेव्हा नक्की काय होतं? कुणी म्हणेल, किंमत दिली, तीत सगळ्यांची मजुरी आली, देणं फिटलं. व्यवहार म्हणून हे बरोबर आहे. आणि या खोक्यानं एक चांगलं काम केलंय, हेही मी मान्य करतो. आता आईला बाकडं हवं म्हणून कुठल्या म्हाताऱ्याला ताटावरून उठावं लागत नाही. कुणाला जोत्याच्या कडेला अर्धं अंग बाहेर ठेवून बसावं लागत नाही. बलुतं गेलं त्याचं मला दुःख नाही. जे जायला हवं होतं ते गेलं.

पण खोकं आणखी एक गोष्ट करतं. वस्तूमागं माणूस होता, हेच ते विसरायला लावतं. नानांनी केलेलं जू मोडलं तर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक होतं. जू वाईट निघालं तर नानांची मान खाली जायची, चांगलं निघालं तर शेजारच्या गावचा माणूस विचारत यायचा. खोक्याला दार नाही. डुगडुगणाऱ्या पायाबद्दल मी त्या कंपनीच्या नंबरावर फोन केला होता. एक दाबा, दोन दाबा, यापलीकडं गाडी गेली नाही. तिथं कुणाची मान खालीही जात नाही आणि वरही होत नाही. ज्याला आपण पाहिलंच नाही त्याचे आपण काही लागतो, असं मनाला वाटत नाही. आणि मग ‘मी केलं’ म्हणणं फार सोपं जातं.

नानांची गुलामी नको आणि खोक्याचं मुकेपणही नको, तर मग काय हवं? मला वाटतं, त्या दुपारी आमच्या अंगणात जे झालं, साधारण तसं काहीतरी. ज्याला कसब आहे त्यानं आपली किंमत सांगावी, आपण ती निमूट मोजावी, आणि मग जेवायला बसताना ताटं एका ओळीत असावीत. कामाला त्याचं नाव मिळावं. आईला कुणी बाकड्याचं विचारलं की ती सांगते, ‘पुण्यास्नं आलं, गुरुजीनं जोडलं, सुताराच्या नातवानं बसवलं.’ अमक्याचं जोडणं, तमक्याचं बसवणं असं ती नीट वाटून देते. झाड तोडणाऱ्याचं नाव तिला ठाऊक नाही, म्हणून ते ती घेत नाही. पण सगळं आम्हीच केलं असंही म्हणत नाही. माझ्या मते एवढा प्रामाणिकपणा पुरे, आणि तो तितकासा सोपा नाही.

पावसाळा संपल्यावर बाकड्याला तेल लावायचं होतं. मी त्या पोराला फोन केला. म्हणाला, ‘दिवाळीला सुट्टी मिळाली तर येतो. न्हाई मिळाली तर तुमीच लावा, सांगितलंय तसं.’ सुट्टी मिळाली नाही. तो आला नाही. त्याच्या आजोबांना असं म्हणता आलं नसतं, त्याला आलं. तेल मी लावलं, त्यानं सांगितलं तसं, कापलेल्या तोंडांना दोनदा.